ट्रेबल, जॅकपॉट आणि मल्टी: एकत्र लावलेल्या पैजांचा हिशोब कसा मांडायचा

रेसकोर्सवर संध्याकाळी सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘पाचातले चार आले, एकाने घात केला.’ बोलणाऱ्याला वाटतं, पाच रेसचे विजेते ओळखायचा जॅकपॉट अगदी हाताशी आला होता. गणित वेगळं सांगतं. ज्याची घोड्यांची निवड बऱ्यापैकी चांगली आहे, त्याच्या बाबतीत ‘चार आले, एक गेला’ हे ‘पाचही आले’ यापेक्षा तिपटीहून जास्त वेळा घडतं. यात घात वगैरे काही नाही. त्या तिकिटाची घडणच तशी आहे. पुढचा सगळा हिशोब शाळेतल्या गुणाकार-भागाकारावर चालतो. तो तिकीट काढण्याआधी करायचा, कारण तिकीट हातात आल्यावर माणूस आकडे बघत नाही, फक्त घोडे बघतो.

एकत्र पैज म्हणजे अनेक निकाल एकाच तिकिटात बांधणं. सगळे बरोबर आले तर मोठी रक्कम, एक चुकला तरी तिकीट फाडून टाकायचं. महालक्ष्मीला आणि पुण्याच्या रेसकोर्सवर टोटमध्ये (क्लबच्या सामायिक पूलमध्ये) ट्रेबल असतो, म्हणजे ठरलेल्या तीन रेसचे विजेते. जॅकपॉटमध्ये ठरलेल्या पाच रेसचे विजेते सांगायचे. बुकीकडे दोन-तीन घोडे जोडून लावले की ती मल्टी. इंग्लंडमध्ये तिला अ‍ॅक्युम्युलेटर म्हणतात, अमेरिकेत पार्ले. जोडलेल्या प्रत्येक निकालाला लेग म्हणतात. तो शब्द आपल्याकडेही रुळलाय, म्हणून पुढे तोच वापरतो.

आधी कायद्याची बाजू, कारण तिथे घोळ फार आहे. घोड्यांच्या शर्यती हा कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली म्हटलं. परवानाधारक रेसकोर्सच्या आवारात टोट आणि परवानाधारक बुकी यांच्याकडे लावलेले पैसे वैध आहेत. क्रिकेटवर पैसे लावणं महाराष्ट्रात वैध नाही, मग ते गल्लीतल्या माणसाकडे लावा की मोबाइलवर. ऑनलाइन गेमिंगबाबत संसदेने २०२५ साली केलेल्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवणं, त्यांची जाहिरात करणं आणि त्यांचे पैसे वळते करणं, या तिन्हींवर त्यात बंदी आहे. त्यामुळे टेलिग्रामवर कोणी ‘आजची पाच मॅचची पक्की मल्टी’ पाठवली तर ती गणिताच्या आधी कायद्यातच बाद होते. शिवाय अशा ठिकाणी जिंकलेले पैसे मिळालेच नाहीत तर दाद कुठे मागणार?

पायरी पहिली: भावाचे टक्के करा

बुकीच्या फळ्यावर भाव अपूर्णांकात असतो. ५/२ म्हणजे दोन रुपये लावले तर पाच रुपये नफा, अधिक आपले दोन परत. या भावात दडलेली शक्यता काढायची रीत सोपी आहे: खालचा आकडा भागिले दोन्ही आकड्यांची बेरीज. ५/२ ला २ भागिले ७, म्हणजे २८.६ टक्के. इव्हन मनीला, म्हणजे १/१ ला, ५० टक्के. १०/१ ला १ भागिले ११, म्हणजे ९.१ टक्के. दशांशात भाव असेल तर आणखी सोपं, १ भागिले तो भाव.

आता सहा घोड्यांची एक रेस घ्या. भाव असे: इव्हन मनी, ५/२, ५/१, १०/१, १२/१ आणि २०/१. टक्के काढले तर अनुक्रमे ५०, २८.६, १६.७, ९.१, ७.७ आणि ४.८. बेरीज करा. ११६.८ येते. पण रेस एकच घोडा जिंकणार, तेव्हा खऱ्या शक्यतांची बेरीज शंभरच हवी. वरचे १६.८ म्हणजे बुकीचं दुकान चालवण्याचा खर्च आणि नफा. प्रत्येक घोड्याचा भाव जितका द्यायला हवा त्याहून थोडा कमी दिलाय, त्यातून हे साचलं.

म्हणून फेवरिटची, म्हणजे सगळ्यात कमी भावाच्या घोड्याची, शक्यता ५० टक्के धरायची नाही. ५० भागिले ११६.८, म्हणजे साधारण ४२.८ टक्के धरायची. हा आकडाही अंदाजच आहे, कारण बुकी सगळ्या घोड्यांवर सारखाच वाटा कापत नाही, लांबच्या भावाच्या घोड्यांवर बहुधा जास्त कापतो. तरी सुरुवातीला पुरेसा आहे. या रेसमध्ये १०० रुपये लावणाऱ्याला सरासरीने १०० भागिले १.१६८, म्हणजे ८५ रुपये ६० पैसे परत येतात. हा ८५.६ लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावर उभं आहे.

पायरी दुसरी: शक्यता गुणा, आणि कापलेला वाटाही गुणा

शक्यतांचा गुणाकार बहुतेकांना ऐकून माहीत असतो, पण त्याची धार जाणवत नाही. प्रत्येक लेग ९० टक्के खात्रीचा असेल (घोड्यांच्या जगात इतकी खात्री जवळपास नसतेच) तरी पाच लेग मिळून ५९ टक्के उरतात, सात लेगना ४८. ८० टक्क्यांचे पाच लेग ३३ वर येतात. ७० टक्क्यांचे पाच १७ वर, म्हणजे सहा तिकिटांत एक. ‘चारही जवळजवळ नक्की आहेत’ असं कोणी म्हणालं की त्याला विचारा, जवळजवळ म्हणजे किती? ७० म्हणाला तर त्याची चार लेगची मल्टी २४ टक्क्यांची आहे. चारपैकी तीन वेळा ती जाणार.

याहून महत्त्वाची आणि क्वचित बोलली जाणारी गोष्ट म्हणजे बुकीचा वाटासुद्धा गुणला जातो. वरच्यासारख्या तीन रेसमधले तीन इव्हन मनी फेवरिट एकत्र लावले, तर हातात आठपट येणार: २ × २ × २. ऐकायला छान. पण खरी शक्यता ०.४२८ चा घन, म्हणजे ७.८ टक्के, तेरा वेळांत एक. आठपट गुणिले ७.८ टक्के म्हणजे १०० रुपयांना सरासरी ६२ रुपये ७० पैसे. एका रेसला साडेचौदा रुपये कापले जात होते, तीन जोडल्यावर सदतीस. पाच जोडा: ४६ रुपये परत, ५४ गेले. घोडे तेच, बुकी तोच, रेसही तशाच, फक्त तुम्ही त्या एकमेकींना बांधल्यात. मोठ्या आकड्याच्या मागे हे ५४ रुपये दिसत नाहीत, आणि मल्टीची जाहिरात सगळीकडे सगळ्यात जोरात का होते याचं उत्तर तिथेच आहे.

न्यू जर्सीत किंवा टेक्सासात राहणाऱ्या वाचकांसाठी त्यांच्याकडच्या भावात हेच सांगतो. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये न्यू जर्सीच्याच खटल्यात खेळांवरच्या पैजांवरची केंद्रीय बंदी उठवली आणि निर्णय राज्यांवर सोपवला. काही राज्यांत त्या आता वैध आहेत, काहींत नाहीत, त्यामुळे आधी आपल्या राज्याचा कायदा बघा. तिथे समसमान सामन्याचा नेहमीचा भाव उणे ११०, म्हणजे ११० लावले तर १०० नफा, दशांशात १.९०९. असे चार लेग जोडले तर १३.२८ पट मिळतात, मिळायला हवे होते १६. शंभर डॉलरला ८३ परत. वाटा कमी आहे म्हणून घसरण हळू आहे इतकंच. एकाच सामन्यातल्या घटना जोडणाऱ्या पार्लेमध्ये हा हिशोब ग्राहकाला करताच येत नाही, कारण भाव कंपनीच्या गणिती मॉडेलातून येतो आणि एकेक लेगच्या भावाचा गुणाकार तिथे लागू पडत नाही. ज्या वस्तूची किंमत आपल्याला तपासता येत नाही ती विकत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अ‍ॅस्कॉटचे सात घोडे

गुणाकार काय करू शकतो याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. २८ सप्टेंबर १९९६ रोजी अ‍ॅस्कॉटला दिवसाच्या सातही रेस फ्रँकी डेट्टोरी या एकाच जॉकीने जिंकल्या. भाव असे होते: २/१, १२/१, १००/३०, ७/१, ७/४, ५/४ आणि २/१. एक पौंड प्रत्येक रेसनंतर पुढच्या घोड्यावर लावत गेलो असं धरून चला. पहिल्या रेसनंतर ३ पौंड. दुसऱ्यानंतर ३९. तिसऱ्यानंतर १६९. चौथ्यानंतर १,३५२. पाचव्यानंतर ३,७१८. सहाव्यानंतर ८,३६५. सातव्यानंतर २५ हजारांच्या वर.

चौथ्या रेसपर्यंत रक्कम डोक्यात मावते, पुढे मावत नाही, हे या आकड्यांत दिसतं. पण मला जास्त शिकवणारी वाटते ती सातव्या घोड्याची गोष्ट. फुजियामा क्रेस्ट त्या दिवशी सकाळी १२/१ होता. जास्त वजन घेऊन लांब पल्ला धावायचा होता, जिंकेल असं फारसं कोणाला वाटत नव्हतं. सहा रेस झाल्यावर बुक्यांच्या लक्षात आलं, की देशभरात हजारो लोकांच्या मल्टी फक्त या एका घोड्यावर लटकल्या आहेत. मग देणं हलकं करण्यासाठी त्यांनी स्वतःच रेसकोर्सवर त्याच्यावर पैसे ओतले. भाव कोसळून २/१ वर आला. घोड्याचे पाय तेच, वजन तेच, भाव मात्र सहावा हिस्सा. ज्यांची मल्टी रेस सुटतानाच्या भावाने ठरायची होती त्यांना शेवटच्या लेगवर तेरापटीऐवजी तिप्पट मिळाली. तरीही बुक्यांना तीन-चार कोटी पौंडांचा फटका बसल्याचं सांगितलं जातं, आणि साठ-सत्तर पौंड लावलेल्या एका सुताराला साडेपाच लाख पौंड मिळाले.

यातून दोन कामाच्या गोष्टी घ्यायच्या. एक म्हणजे मल्टी लावताना भाव आत्ताचा धरला जाणार की सुटतानाचा, हे तिकिटावर बघा. दुसरी अशी, की लोकांनी सात वेगवेगळ्या घोड्यांचा अभ्यास करून पैसे लावले नव्हते, एका जॉकीवर लावले होते. त्याचा दिवस चांगला असेल तर सगळेच लेग एकदम वर जातात, वाईट असेल तर सगळेच खाली. साधा गुणाकार लेग एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरून चालतो. प्रत्यक्षात ते नेहमी तसे नसतात.

आपल्याकडे हे पुण्याच्या मोसमात दिसतं. तिथल्या शर्यती पावसाळ्यात सुरू होतात. दुपारी एक जोरदार सर आली, ट्रॅक जड झाला, की कोरड्या जमिनीवरच्या कामगिरीवर ठरलेले फेवरिट एकापाठोपाठ एक पडू शकतात. तुम्ही पाच रेसचे पाच वेगळे अंदाज केलेले असतात, पण पाचांच्या खाली ‘ट्रॅक कोरडा राहील’ हा एकच अंदाज असतो. जोडण्याआधी कागदावर लिहा: माझे दोन-तीन लेग एकदम चुकतील असं एखादं कारण आहे का? एकच तबेला, एकच जॉकी, एकच हवामान, एकाच माणसाने दिलेली टिप. शेवटचं सगळ्यात सामान्य आहे.

पायरी तिसरी: टोटचा जॅकपॉट वेगळा वाचा

टोटमध्ये बुकी नसतो. सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जातात, क्लब आपलं कमिशन कापतो आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. जॅकपॉटच्या पूलमधले ७० टक्के पाचही बरोबर असणाऱ्यांना आणि ३० टक्के चार बरोबर असणाऱ्यांना जातात, वर्तमानपत्रातल्या निकालात हे दोन आकडे वेगळे छापलेले असतात.

इथे एक गोष्ट जॅकपॉटच्या बाजूची आहे आणि ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. कापणी एकदाच होते. तुम्ही पाच रेसमध्ये विन पूलमध्ये (एका रेसच्या विजेत्याच्या पूलमध्ये) पैसे लावून जिंकलेलं पुढे लावत गेलात तर कमिशन पाच वेळा जातं, जॅकपॉटमध्ये एकदा. मटक्याच्या जोडीमागेही हेच गणित होतं. (मटका बेकायदा आहे, उदाहरण फक्त हिशोबापुरतं.) मटक्यात ओपन आणि क्लोज असे दोन आकडे निघतात. एकच आकडा सांगितला (सिंगल) तर नऊपट, म्हणजे ओपनचे नऊपट क्लोजवर लावले तर ८१ पट. दोन्ही आकडे एकत्र सांगायच्या जोडीचा भाव साधारण ९० पट. शंभरात एक शक्यता असलेल्या निकालाला ९० पट देणं हेही तोट्याचंच, पण ८१ पेक्षा बरं. थोडक्यात, जोडलेली पैज सुट्यांपेक्षा महाग की स्वस्त हे कापणी किती वेळा होते यावर ठरतं. बुकीच्या मल्टीत ती प्रत्येक लेगला होते.

आता तिकीट कसं भरतात ते बघू. प्रत्येक लेगमध्ये किती घोडे घेतले त्यांचा गुणाकार म्हणजे तिकिटाची युनिटं. पहिल्या लेगमध्ये २ घोडे, दुसऱ्यात १ (हा तुमचा बँकर, म्हणजे एकट्यावर भरवसा ठेवलेला घोडा), तिसऱ्यात ३, चौथ्यात २, पाचव्यात ४, म्हणजे ४८ युनिटं. एक युनिट १० रुपयांचं धरलं तर ४८० रुपये. पाचव्या लेगला ‘आणखी एक घोडा टाकू या, दहाच रुपये’ असं म्हणता तेव्हा दहा रुपये वाढत नाहीत, बारा युनिटं वाढतात, म्हणजे १२० रुपये. खिडकीसमोर रांगेत उभं राहून हा गुणाकार चुकतो, म्हणून तो घरून करून न्यावा. सगळेच्या सगळे घोडे घ्यायचे म्हटलं आणि पाच रेसमध्ये ८, १०, ९, ११ आणि १२ घोडे असतील, तर युनिटं होतात ९५,०४०.

समजा तुम्ही प्रत्येक लेगमध्ये दोन-दोन घोडे घेतले आणि तुमच्या अभ्यासाने त्या दोघांपैकी एक जिंकण्याची शक्यता ६० टक्के आहे. ही चांगली निवड झाली. युनिटं ३२, खर्च ३२० रुपये. पाचही येण्याची शक्यता ०.६ चा पाचवा घात, ७.८ टक्के. नेमके चार येण्याची शक्यता ५ × ०.६ चा चौथा घात × ०.४, म्हणजे २५.९ टक्के. ही ती सुरुवातीला सांगितलेली तिपटीहून मोठी तफावत. चार बरोबर येणं हे यशाच्या जवळ असल्याचं चिन्ह वाटतं आणि माणूस पुढच्या शनिवार-रविवारी युनिटं वाढवतो. पण ते चिन्ह नाही. इतक्याच चांगल्या निवडीने तुम्ही वर्षानुवर्षं खेळलात तरी हे प्रमाण असंच राहील.

३२० रुपये वसूल व्हायला डिव्हिडंड, म्हणजे जिंकलेल्या एका युनिटला मिळणारी रक्कम, किती हवा? ३२० भागिले ०.०७८, साधारण ४,१००. चार बरोबरचा छोटा हिस्सा यातून थोडं कमी करेल. पण टोटमध्ये डिव्हिडंड आधी कळत नाही, आणि तो तुमच्या निवडीवरच उलटतो. तुम्ही घेतलेले घोडे जितके लोकप्रिय, तितकी जिंकणारी तिकिटं जास्त, तितका वाटा लहान. पाचही फेवरिट आले की संध्याकाळी जॅकपॉट इतका खाली येतो, की लोक आनंदाऐवजी चडफडत बाहेर पडतात. म्हणून सगळे लेग फेवरिटने भरलेला जॅकपॉट हा माझ्या मते सगळ्यात वाईट प्रकार: हरलात तर सगळं गेलं, जिंकलात तर वाटणी फार. ज्या रेसमध्ये तुमचं मत गर्दीपेक्षा वेगळं आहे आणि त्याला कारण आहे, अशी एकही रेस कार्डात नसेल तर त्या दिवशी जॅकपॉट भरू नये.

घोडा ऐनवेळी काढून घेतला तर तिकिटाचं काय होतं, हा नियम रेसबुकमध्ये वाचून ठेवा. आणि ऑब्जेक्शन (निकालावर हरकत) लागलं असेल तर अंतिम निकाल जाहीर होईपर्यंत तिकीट फेकू नका.

पायरी चौथी: कर धरल्याशिवाय हिशोब पुरा होत नाही

इथे बहुतेकांचा हिशोब थांबतो आणि खरं नुकसान इथेच आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. हा कर क्लबच्या कमिशनवर नसून तुमच्या अख्ख्या पैजेवर आहे. ३२० रुपयांच्या जॅकपॉटवर १२८ रुपये कर, एकूण ४४८. वसुलीला लागणारा डिव्हिडंड ४,१०० वरून सुमारे ५,७५० वर जातो.

बुकीच्या तीन फेवरिटच्या मल्टीत १०० ऐवजी १४० गेले आणि सरासरी परतावा ६२.७० च राहिला, म्हणजे प्रत्येक शंभरामागे पंचेचाळीसच्या आसपास. आणि तेच तीन घोडे एकेक करून, जिंकलेलं पुढे लावत खेळलात, तर प्रत्येक नव्या पैजेवर पुन्हा ४० टक्के: परतावा शंभराला तेवीसच्या आसपास येतो. ‘मल्टीपेक्षा एकेक लावलेलं बरं’ हा जुना सल्ला सारखी छोटी रक्कम लावणाऱ्यासाठी अजूनही योग्य आहे. जिंकलेलं सगळं फिरवत राहणाऱ्यासाठी तो आता उलटा पडतो.

न लागलेला जॅकपॉट पुढे ढकलला जातो तेव्हा गर्दी वाढते. ‘आज कॅरी फॉरवर्ड आहे, आज फायदा आहे.’ तपासून बघा. समजा मागचे ५ लाख पूलमध्ये आहेत, आज नवे १० लाख आले आणि कमिशन २० टक्के. वाटायला ८ अधिक ५, म्हणजे १३ लाख. १० लाखांवर १३ लाख! पण लोकांनी करासकट भरले १४ लाख. म्हणजे त्या ‘फायद्याच्या’ दिवशीही खेळणारे सगळे मिळून एक लाखाने खाली आहेत. मागची रक्कम ताज्या पूलच्या निम्म्याहून बरीच जास्त असेल तरच पारडं फिरतं, आणि मोठी रक्कम दिसली की ताजा पूलही फुगतो.

याच्या पुढे आयकर. एका वेळी जिंकलेली रक्कम १० हजारांच्या वर गेली तर ३० टक्के टीडीएस कापूनच पैसे हातात येतात. उपकर धरून दर ३१.२ टक्के होतो. यावर करमुक्त मर्यादेची सूट नाही, आणि हरलेल्या तिकिटांची वजावटही नाही. समजा मोसमात एकदा ५० हजार जिंकलात आणि बाकी दिवसांत ६० हजार हरलात. तुमच्या खिशाच्या दृष्टीने तोटा १० हजारांचा. आयकराच्या दृष्टीने ५० हजारांचं उत्पन्न, कर १५,६००. एकूण गेले २५,६००. कधीतरी एकदा मोठं आणि एरवी सतत छोटं नुकसान, हेच तर जॅकपॉटचं रूप आहे. त्यामुळे ही करपद्धत नेमकी एकत्र पैज लावणाऱ्याला सगळ्यात जास्त लागते.

यँकी, सुपर हाइन्झ आणि कॅश आउट

इंग्लंडमधल्या नातेवाइकांकडून ही नावं ऐकली असतील. यँकीमध्ये चार घोड्यांच्या सर्व जोड्या, तिकड्या आणि चौकडी: ६ + ४ + १, म्हणजे ११ पैजा. लकी फिफ्टीनमध्ये त्यात चार सुट्या मिळवल्या की १५. सात घोड्यांच्या सुपर हाइन्झमध्ये १२० पैजा. एखादा लेग गेला तरी काही हाती लागतं, म्हणून ही सुरक्षित वाटतात. सुरक्षितता विकत घेतलेली असते: ‘दहा रुपयांची यँकी’ ११० रुपयांची असते आणि त्यातल्या प्रत्येक पैजेत वाटा कापलेलाच असतो. कॅश आउटचंही तसंच. मधेच बाहेर पडायला बुकी जो आकडा दाखवतो तो त्या क्षणीच्या खऱ्या किमतीपेक्षा बहुधा कमी असतो, कारण तीही एक नवी पैजच आहे आणि तिच्यात त्याचा वाटा आहे.

पायरी पाचवी: कोरडे दिवस आधी मोजा

तेरात एक शक्यता म्हणजे तेरा तिकिटांत एक लागणारच, असं नाही. वीस तिकिटं काढूनही एकही न लागण्याची शक्यता (१२/१३) चा विसावा घात, म्हणजे २० टक्के. तीस काढूनही न लागण्याची ९ टक्के. म्हणजे अगदी योग्य शक्यता धरून खेळणाऱ्या अकरा जणांत एकाला सलग तीस कोरडी तिकिटं मिळणार, आणि त्यात त्याची काही चूक नसेल. अशा वेळी पुढचं तिकीट मोठं काढून मागचं वसूल करायचा विचार येतो. मागच्या तीस तिकिटांनी एकतिसाव्या तिकिटाची शक्यता तसूभरही बदललेली नसते, खर्च मात्र दुप्पट झालेला असतो. घरातले पैसे जातात ते बहुतेक याच वळणावर.

म्हणून मोसमाची रक्कम एकदाच ठरवा, गेली तर घरखर्चाला, हप्त्यांना, मुलांच्या फीला धक्का लागणार नाही इतकीच. उधारी नाही, क्रेडिट कार्ड नाही. ती रक्कम निदान चाळीस तिकिटांत विभागता येत नसेल तर तिकिटाचा आकार लहान करा किंवा लेग कमी करा. ज्याला फक्त दिवसाची मजा हवी आहे त्याने एका रेसला एका घोड्यावर छोटी रक्कम लावावी. रेस तितकीच रंगते आणि कापणी सगळ्यात कमी. घरच्यांपासून तिकिटं लपवावी लागत असतील, झोप उडाली असेल, वसुलीसाठी कर्ज काढायचं मनात येत असेल, तर गणित बाजूला ठेवून सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं.

खेळणार असाल तर एक वही ठेवा. तिकीट काढण्याआधी तारीख, लेग, प्रत्येक लेगची तुम्ही धरलेली शक्यता, सगळ्यांचा गुणाकार आणि करासकट खर्च लिहा, निकालानंतर परतावा. मोसम संपल्यावर धरलेल्या शक्यतांची सरळ बेरीज करा: चाळीस तिकिटांवर ७.८ टक्के धरले असतील तर तीन लागायला हवी होती. एक किंवा दोन लागली तर तो नशिबाचा भाग असू शकतो. दोन-तीन मोसम मिळून बेरीज दहाची येते आणि लागलेली तिकिटं तीन किंवा चारच असतील, तर तुमचे ६० टक्के मुळात पन्नासच होते. ०.५ चा पाचवा घात ३.१ टक्के होतो, म्हणजे शक्यता निम्म्याहून कमी. तो आकडा वहीत दुरुस्त करा आणि पुढचं तिकीट त्या दुरुस्त आकड्याने तपासा. टीडीएसचा कागदही त्याच वहीत लावून ठेवा, विवरणपत्र भरताना तो लागतो.